देठ देवाकडे

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. सावेडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली बघावं तर रस्त्याकडेच्या कडुनिंबाने पानं टाकायला सुरुवात केलेली असते. सकाळी झाडलेलं पार्किंग अकरा वाजता पुन्हा पिवळं. सोसायटीतल्या बायका त्या झाडाच्या नावाने बोटं मोडतात, आणि मी खाली उतरून चार पानं उचलते, उन्हाकडे धरते, कडा बघते आणि कशासाठी उचलली तेच न कळून पर्समध्ये टाकते. माझी पर्स उलटी केली तर सुट्ट्या पैशांपेक्षा पाचोळा जास्त निघेल.

कॉलेजात हे प्रॅक्टिकल परीक्षांचे दिवस. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास, ओल्या टीपकागदाचा वास, आणि वर्षभर वर्गाकडे न फिरकलेल्या मुलींची शेवटच्या दिवसाची धांदल. कुणाच्या वहीतलं वाळलेलं पान आदल्या रात्री चिकटवलेलं असतं, डिंक अजून ओला. "मॅडम, हे करंजाचं आहे ना?" मी म्हणते, तूच सांग. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी पानाकडे बघते, आणि माझं लक्ष तिच्या डोक्यावरून भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे जातं. कपाटात एक दगड होता. या मार्चपर्यंत होता.

पानांविषयी बोलायला लागले की माझी गाडी थांबत नाही, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच तासाला मी मुलांना सांगते, फूल बघून हुरळू नका, पान बघा. आधी कड. थंड मुलखातल्या झाडांमध्ये दातेरी कडेची पानं जास्त सापडतात, उष्ण मुलखात सलग कडेची. मग आकार. पाऊस भरपूर असेल तिथे पान ऐसपैस पसरतं; आपल्याकडच्या बाभळी-बोरींनी पान बारीक करून पाणी वाचवलेलं असतं. मग टोक. सततच्या पावसात भिजणाऱ्या पानाचं टोक पुष्कळदा लांब, निमुळतं, पाणी निथळून जावं असं. पानाच्या पाठीवरची श्वासाची छिद्रं मोजली तर त्या काळच्या हवेत कर्बवायू किती होता याचाही अंदाज बांधता येतो. दगडात ठसा उमटलेलं एखादं पान हजारो, लाखो वर्षांनी हातात येतं, आणि तेव्हा ऊन कसं होतं, पाऊस किती होता, हे सांगायला लागतं. कुणीतरी हटकून विचारतं, "पण मॅडम, आपला कडुनिंब तर दातेरी आहे, आणि नगरला कुठे थंडी?" मला असा प्रश्न आवडतो. एका झाडावर भिस्त ठेवायची नाही, मी सांगते, त्या जागेची जमतील तेवढी सगळी झाडं बघायची. आणि मग माझं ठेवणीतलं वाक्य: पान खोटं बोलत नाही.

हे वाक्य म्हणताना गेली काही वर्षं माझा आवाज जरा चढायचा. मुलांना वाटायचं, मॅडमना विषयाची तळमळ आहे.

पन्नाशीला टेकल्यावर मी पीएचडीचं घोंगडं गळ्यात घेतलं. बढती अडली होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे शिकवून शिकवून मला माझाच कंटाळा आला होता. माझे मार्गदर्शक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे, आणि दोघांनाही थोडं अवघडायला व्हायचं. विषय ठरला तो चुनखडीतल्या पानांचा. आपल्या जिल्ह्यातले डोंगर काळ्या पाषाणाचे, पण काही ठिकाणी कपारीतून झिरपणारं पाणी सोबत चुना घेऊन येतं. ते पाणी जिथे ठिबकतं तिथे चुन्याचं पुट चढत जातं, वर्षानुवर्षं. मध्ये पान पडलं तर पुट त्याच्यावरही चढतं. पान कुजून जातं, ठसा राहतो. शीर न् शीर दिसते.

जामखेडच्या पुढे, खर्ड्याच्या वाटेवर एक फाटा आहे. तिथून आत तीन-चार किलोमीटर चाललं की डोंगराच्या कुशीत एक गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला असा एक झरा. झऱ्यापाशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले: आसरा, पाण्याच्या देवता. पाणवठ्यावर आसरा असतातच, त्यात नवल नव्हतं. खालच्या जुन्या चुनखडीत मला उंबराची, करंजाची पानं मिळाली होती. डिसेंबरात पुन्हा गेले तेव्हा ठिबकत्या कपारीखाली, आसरांच्या अगदी समोर, पाटाएवढा सपाट दगड दिसला आणि मी तिथेच गुडघ्यांवर बसून भिंग काढलं. दगडाच्या अंगावर रुंद, हृदयाच्या आकाराची पानं उमटली होती. कड सलग. टोक लांब, निमुळतं. देठापासून फाकलेल्या पाच-सात ठळक शिरा. मिरीच्या कुळातला वेल! तोही कुठे, तर जामखेडच्या या कोरड्या डोंगरात, जिथे उन्हाळ्यात शेरडांना चरायला बोरीच्या काटक्या राहतात. याचा अर्थ एकच होता. इथे कधीकाळी सह्याद्रीच्या घाटासारखा पाऊस कोसळत असणार.

विचारायला हवं होतं, हे आता कळतं. पण विचारणार कुणाला? येताना मी सगळं गाव ओलांडून आले होते. दारादाराला कुलूप. एका ओसरीवर दोन म्हातारे उन्हाला बसले होते, शाळेच्या आवारात पाच-सहा पोरं. बाकी गाव दसरा झाल्यावर ऊसतोडीला गेलेलं. मी त्या कुलपांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, गर्दी नाही, निवांत काम होईल. छिन्नी लावली, दगड सुटा केला, गोणपाटात बांधला आणि फाट्यापर्यंत कडेवर घेऊन आले. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "बाई, पाटा-वरवंटा का?" मी हसून हो म्हटलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने.

मी टिपणं फार काटेकोर काढते. त्या दगडाचं टिपण आजही माझ्याकडे आहे: "पाने जोडीजोडीने आढळतात. सर्व देठ एकाच दिशेस, पूर्वेकडे. प्राचीन प्रवाहाची दिशा दर्शवितात. पानांच्या मध्यावर चुन्याच्या गोलसर गाठी." दगडाचं वय मोजून घेण्याची सोय आमच्याकडे नव्हती. त्याच डोंगरातली खालची चुनखडी जुनी असल्याचं ठाऊक होतं, तेवढ्यावर मी हाही दगड हजारो वर्षांचा धरला. सर खूष झाले. "मॅडम, तुमच्या प्रबंधाचा कणा मिळाला," म्हणाले. जानेवारी-फेब्रुवारी लिहिण्यात गेले. मार्चात प्रबंधाच्या काळ्या पुठ्ठ्याच्या प्रती बांधून आल्या, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव. फक्त तोंडी परीक्षेत दाखवायला झऱ्याचा एक चांगला फोटो राहिला होता. म्हणून मी पुन्हा गेले.

गाव यावेळी जागं होतं. कारखान्यांचा पट्टा पडला होता, म्हणजे ऊस संपून गाळप थांबलं होतं, आणि तोडीला गेलेली माणसं परतली होती. दारात बैलगाड्या उभ्या, वाळत घातलेल्या गोधड्या, चुलींचा धूर. झऱ्यापाशी एक बाई पाठमोरी बसली होती. माझ्याच वयाची असेल; उन्हाने रापलेली, दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. कपारीखालून मी दगड सुटा केला होता त्या जागेत तिने हात घातला होता, घरातली वस्तू हरवल्यावर फडताळात घालावा तसा.

"म्याडम, हितला दगूड कुनी नेला, ठावं हाय का तुमास्नी?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण गळ्यात कॅमेरा, हातात मोजपट्टी. "मी नेला," म्हटलं. "अभ्यासासाठी. फार जुना आहे तो. त्याच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या वेलीची पानं आहेत."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "येलीची कशाची? इडा हाय त्यो."

मला पटकन उमगेना. तिनं खालून दोन दगड उचलले आणि आसरांसमोर, देवापुढे ठेवतात तसे, शेजारी शेजारी मांडले. "ह्यी दोन पानं. वर सुपारी. आमी दसऱ्याला तोडीला निघतो तवा हितं ठिवतो, घरटी एक. देठ देवाकडं. मंग वरचं पानी ठिबकतं, चुना धरतो. परत आल्यावर यायचं बगायला. इडा दगूड झाला की समजायचं, आसरांनी घर राखलं."

देठ देवाकडे. मी आसरांकडे पाहिलं. सात शेंदरी दगड कपारीच्या पूर्वेला होते.

दसऱ्याला ठेवलेली पानं डिसेंबरापर्यंत चुन्याखाली गेली होती आणि मी ती हजारो वर्षांची धरली. लाज अशी वाटली की कानशिलं तापली. माझ्या हातांनी आजवर किती पूजांमध्ये विडे मांडलेत! लहानपणी देठ उलटा ठेवला म्हणून आईचा मार खाल्लाय. पान मी बरोब्बर ओळखलं होतं. मिरीच्या कुळातलं, सलग कडेचं, पावसाळी मुलखाच्या टोकाचं. विड्याचं पान अगदी तसंच असतं. जामखेडच्या बाजारातून ते कुणाच्या तरी पदरात बांधून इथे आलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. आणि त्या चुन्याच्या गोलसर गाठी! सुपाऱ्या होत्या, सुपाऱ्या.

"माझा यंदाचा इडा वरच हुता," ती म्हणाली. तिचं नाव कौसाबाई, हे तिने त्यानंतर सांगितलं. "ठिवलेला इडा हलवू न्हाई म्हनत्यात. आमी आलो नीट, त्याचं काय न्हाई. पन पुढल्या साली जाताना पाय उचलंल का? आनून द्या म्याडम त्यो."

"देते," मी म्हटलं. "परीक्षा झाली की आणून देते."

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते पेन टेबलावर आपटत म्हणाले, "मॅडम, एक शक्यता म्हणून ती बाई म्हणते ते ठीक आहे. पण प्रती बांधून झाल्यात. आणि हा दगड काढला तर मागे काय उरतं?" उंबर आणि करंज उरत होते. उंबर आणि करंज तर आजही त्या ओढ्याला आहेत. त्यावर कोण पीएचडी देणार? मी प्रती जमा केल्या. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दगडावरून हात फिरवला, वाहवा केली. माझ्या दारावरच्या पाटीत "डॉ." आलं. दगडावर पांढऱ्या रंगाने नमुना क्रमांक आला, खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आली, आणि तो काचेच्या कपाटात गेला. माझी परीक्षा झाली होती. मी आणून दिला नाही.

माझं माहेर राहुरीकडचं, पाटाच्या पाण्याचं. दिवाळीनंतर आमच्या उसाच्या बांधावर कोप्या पडायच्या, पाचटाच्या, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. वडील सांगायचे, "यंदा बारा कोयते आलेत." नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंथरुणात मला उसावर पडणाऱ्या घावांचा आवाज यायचा आणि मी कूस बदलून झोपायचे. त्यांच्यातल्या एकाही बाईचं नाव मला कधी माहीत नव्हतं. ती माणसं कुठून येतात, आणि तिथून का निघतात, हे मी विचारलं नव्हतं. प्रबंध मात्र लिहिला, त्यांच्या मुलखात पूर्वी किती पाऊस होता यावर.

मग दरवर्षी मार्च यायचा. कडुनिंब पानं टाकायचा, नगरच्या रस्त्यावरून परतणाऱ्या तोडकऱ्यांचे ट्रॅक्टर जायचे. संसाराची भांडी, वर शेरडं, त्याच्यावर बायका. सिग्नलला माझी स्कूटर त्यांच्या शेजारी थांबली की मी मान खाली घालायचे. तिकडे चाललेल्यांत कौसाबाई असेल, आज-उद्या झऱ्यावर जाईल, रिकाम्या जागेत हात घालेल. मी ठरवायचे, या रविवारी. रविवारी पाहुणे यायचे, पेपर तपासायचे असायचे, पाठ दुखायची. माणसाला रविवार टाळण्याची किती कारणं सापडतात!

यंदाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षक बाईंनी एका मुलीला कपाटातला दगड दाखवला. "यावरून काय सांगशील?" मुलगी हुशार. तिने चिठ्ठीकडे न बघता धडाधडा सांगितलं: पान सलग कडेचं, टोक निमुळतं, सबब या भागात पूर्वी भरपूर पाऊस होता. परीक्षक बाई खूष. मी शेजारी बसले होते. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि माझ्या सहीचं पेन कागदावर अडकून राहिलं. मुलगी जामखेडची होती. तिच्या गावात पाऊस किती पडतो ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी माझ्या अक्षराखातर तिने भरपूर म्हटलं.

त्या संध्याकाळी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. काय चुकलं, कधी कळलं, कळल्यावरही मी काय केलं, सगळं. सरांना आधी फोन केला. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांनी? मॅडम, विचार करा." मी म्हटलं, विचारच करतेय एवढी वर्षं. पत्र टाकलं आणि कपाट उघडून दगड काढला. कॉलेजच्या नोंदवहीत "मूळ जागी परत" असं लिहून सही केली.

रविवारी पहिल्या एसटीने निघाले. वाटेत पळस फुलले होते, मला एरवी ते बघायला आवडतात. यावेळी मांडीवरच्या गोणपाटाशिवाय काही दिसलं नाही. कौसाबाई भेटली नाही तर? ओळख देईल का? की गाव गोळा करील? केलंच तर बरोबरच आहे, असंही मनात येत होतं.

कौसाबाई घरीच होती. आदल्याच आठवड्यात परतलेली. अंगणात भांड्यांचा ढीग, ती घासत होती. मला बघून उठली नाही. गोणपाट बघितलं.

"आनला व्हय?"

"आणला. उशीर झाला."

"लई." तिने राखेचे हात धुतले. "चला."

झऱ्यावर तिने दगड गुडघ्यावर घेतला. पांढऱ्या रंगातला क्रमांक दिसल्यावर नखाने खरवडून बघितला. "ह्यो काय आकडा?" मी सांगितलं. मग पत्राचंही सांगितलं, कुणास ठाऊक का, पण तिला सांगावंसं वाटलं.

"मंग आता तुमचं डाक्टरपन जानार?"

"माहीत नाही. जाईलही."

"हं," ती म्हणाली. मला वाटलं होतं, थोडं वाईट वाटल्यासारखं करील. तिने नाही केलं. तिने दगड आडवा केला, उन्हात धरला, आणि मी इतक्या वर्षांत जिथे नीट पाहिलं नव्हतं त्या बाजूकडे, दगडाच्या जाडीकडे बघायला लागली. चुन्याचे थर एकावर एक दिसत होते, आणि थराथरामध्ये पानांच्या काळपट रेघा.

"ह्यो समद्यात वरचा, तुमी नेलं त्या सालचा," ती बोट ठेवत म्हणाली. "त्याच्याखाली, धाकली माझ्या पोटात आसताना गेल्तो, त्यो. ह्यो सासूबाई शेवटच्या आल्त्या त्यो. त्या परत न्हाई आल्या, उसाच्या फडातच गेल्या. ह्यो हीर आटली त्या सालचा." बोट खाली सरकत होतं. थर बारीक, रेघ. थर बारीक, रेघ. मी पर्समधून वही काढली. आतला पाचोळा खाली सांडला, सांडू दिला. मी लिहीत होते आणि ती सांगत होती, मध्ये थांबत, कधी बोटांवर मोजत. एक पान तळव्याने झाकून ती पुढे गेली. वहीत मी ती ओळ रिकामी सोडली.

मग बोट थांबलं. तिथे थर बोटभर जाड होता, पांढरा, स्वच्छ. त्यात एकही रेघ नव्हती.

"कौसाबाई, इथे विडा नाही?"

तिने दगड जरा जवळ घेतला. अंगठ्याने तो जाड पांढरा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला.

"त्या साली लई पाऊस झाल्ता म्याडम. हितलं पानी उनाळाभर ठिबकत हुतं." पुसून झालं तरी तिचा अंगठा तिथेच होता. "त्या साली गावातनं कुनीच गेलं न्हाई. समदी घरी हुतो आमी."